दोन बाटल्या घेऊन वाशिमला

वाशिमला जाऊन आलेली माणसं बालाजीचं देऊळ सांगतात, तिथलं तळं सांगतात. मी यंदाच्या उन्हाळ्यापासून दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा देऊळ पाहिलं नाही. पाहिली ती पॅथॉलॉजी. हा शब्द मला केस पांढरे झाल्यावर कळला. आमच्या कामरगावात तो अजून पुष्कळांना ठाऊक नाही. दवाखाना म्हटलं की आपल्याला डॉक्टर ठाऊक, सुई ठाऊक, सलाईन ठाऊक. आजार कोणता ते कुठे आणि कसं ठरतं, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

कामरगाव

माझी सून वंदना हिच्या मानेला उजवीकडे गाठ आली. आधी बोराएवढी होती. दुखत नव्हती म्हणून ती पदराखाली झाकून कामाला जात राहिली. मग रोज संध्याकाळी ताप यायला लागला. अंग वाळलं, ब्लाउज आत घ्यावे लागले, तेव्हा मोठ्या गावच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्याने मान चाचपली, छातीचा फोटो काढला आणि टीबी आहे म्हणाला. फोटोत काही नव्हतं, तरी टीबी. गाठीत सुई घातली नाही, तुकडा काढला नाही. बाजारात आपण टरबूज वाजवून घेतो तसं त्याने हाताने ठरवलं.

पाच महिने गोळ्या चालल्या. लघवी तांबडी व्हायची. गोळी पोटात गेली की थोड्या वेळाने वंदना मोरीत ओकत बसलेली. गाठ मात्र लिंबाएवढी झाली आणि तिच्याखाली दुसरी आली. पुन्हा नेलं तर तोच डॉक्टर म्हणाला, "कॅन्सरही असू शकतो. कारंज्याला सर्जनला दाखवा, गोळ्या बंद करू नका." पाच महिने खात्रीने बोलणारा माणूस एका सकाळी 'असू शकतो' वर आला.

घरी आल्यावर वंदना रडली नाही. चुलीपाशी बसून तिनं मला विचारलं, "आत्याबाई, कॅन्सर असन तं पोट्ट्या कोणाच्या?"

आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते. पोट्ट्या म्हणजे तिच्या दोन मुली, एक शाळेत जाते, एक अंगणवाडीत.

"माह्या," मी म्हणाले.

"तुमच्या मंजे संपलंच मंग," ती म्हणाली.

आमचं दोघींचं पटत नाही हे गावाला ठाऊक आहे. माझ्या हातची भाजी तिला तिखट लागते आणि तिच्या हातचा चहा मला पाणी लागतो. पण मुलगा पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी मिळत नाही. तिचे आईबाप राहिले नाहीत. जायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता. मुलींना शेजारी ठेवलं आणि आम्ही दोघी निघालो.

कारंजा

कामरगावाहून कारंज्याला जीप मिळते. जीपवाला माणसं मोजत नाही, कोंबतो. वंदनाची गाठीची बाजू खिडकीकडे करून मी तिला बसवलं आणि मधे मी बसले, म्हणजे धक्का मला लागेल. मे महिन्याचं ऊन. दोन्ही बाजूंनी नांगरून टाकलेली काळी रानं, मोठाली ढेकळं, हिरवं म्हणून फक्त कडुनिंब. धनजच्या बाजूचे दोन म्हातारे तूर कशी गेली यावर भांडत होते. एकाने वंदनाच्या मानेकडे पाहून विचारलं, "काय झालं वं बाई?" ती म्हणाली, "गाठ हाय." तो म्हणाला, "आमच्या भावाले झालती. मेला." असं सांगून तो पुन्हा तुरीवर गेला. आमच्याकडे माणसं अशी आहेत. मन वाईट नाही, पण जिभेला दार नाही.

कारंज्याचा सर्जन तरुण होता. बोलायला बरा. गाठ पाहून म्हणाला, "नुसतं बघून सांगता येणार नाही. गाठ काढून तपासायला पाठवू." जागा बधिर करून त्याने वरची गाठ काढली. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आतून वंदनाचा आवाज आला नाही, त्याचंच मला भ्या वाटलं. बाहेर आली ती मानेला पट्टी आणि तोंड पांढरं.

मग डॉक्टरने माझ्या हातात दोन छोट्या बाटल्या दिल्या. प्रत्येकीत त्या गाठीचा कापलेला एक तुकडा, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा. एकीचं बूच उघडलं तर नाकात मिरचीसारखं चढेल असं औषध होतं. दुसरीत मिठाचं पाणी, सलाईनचंच.

"आजी, ह्या दोन्ही वाशिमला पॅथॉलॉजीत द्यायच्या. मिठाच्या पाण्याची बाटली गार ठेवा. आजच पोचली तर बरं."

"मी नेऊ?" मी विचारलं.

"नातेवाईकच नेतात. आमच्याकडे न्यायला माणूस नाही."

मला वाटलं होतं असं काम दवाखान्याची गाडी करत असेल. तसं नाही. आमच्या भागात माणसाचा तुकडा त्याच्या घरच्यानेच एसटीत बसून न्यायचा असतो. एक बाटली औषधाची का आणि दुसरी पाण्याची का, हे त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. डॉक्टरला का म्हणून विचारायची आपल्याला सवय नसते. थर्मासमधे बर्फ घालून दिला, त्यात एक बाटली ठेवली. दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या कमरेला खोचली.

मी वंदनाला म्हणाले, तू शेजारणीच्या बहिणीकडे इथंच कारंज्यात पड, मी जाऊन येते.

"तुमी बसमंदी विसरान थे," ती म्हणाली. "मागच्या साली छत्री विसरल्या, त्याच्या मागच्या साली नात विसरत होत्या. माहा तुकडा हाय, मीच नेतो."

स्टँडवर आलूबोंडा आणि कढी खाल्ली. मी खाल्ली. तिनं कढीचे दोन घोट घेतले.

बस भरलेली होती. आमच्या शेजारी एक लठ्ठ बाई बसली होती, दागिन्यांची. तिचं लक्ष थर्मासवर. "कुल्फी हाय का वं माय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "नाही, सुनेच्या मानेचं मांस हाय." ती उठली आणि पार ड्रायव्हरच्या मागे जाऊन दांडीला धरून उभी राहिली. वंदनाने तिच्या जागेवर पाय पसरले. सबंध दिवसात ती तेवढंच हसली.

मंगरुळपीर यायच्या आधी बसचं काहीतरी तुटलं. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल. आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो. बाभळीची सावली म्हणजे चाळणीतलं पाणी. वंदनाला ताप भरला होता. ती थर्मास मांडीवर घेऊन बसली होती आणि मधूनमधून झाकण उघडून बर्फ किती राहिला ते पाहत होती. दुसरी गाडी आली तेव्हा आत नुसतं गार पाणी होतं.

मंगरुळपीर

मंगरुळपीरला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. डॉक्टरने दिलेल्या नंबरवर वंदनाने फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, आता नमुने घेणं बंद झालं, सकाळी या. मंगरुळपीरला माझी धाकटी बहीण शांता राहते. तिच्याकडे मुक्काम करायचं ठरलं.

आधी बर्फ पाहिजे होता. स्टँडसमोर एका मुसलमान गृहस्थाचं सरबताचं दुकान आहे. पांढरी दाढी, गळ्यात टॉवेल. मी बर्फ मागितला. त्याने थर्मासकडे पाहिलं.

"अम्मा, इसमें क्या है?"

खोटं बोलले असते तर चाललं असतं. मी खरं सांगितलं. त्याने थर्मासला हात लावला नाही, पण बर्फाची लादी फोडून बारीक केली आणि कागदाच्या पुडीत भरून दिली. "ऊपर से दबा के भरो, जल्दी नहीं पिघलेगा," म्हणाला. मग वंदनाला म्हणाला, "बेटी, बैठ जा, सरबत पी." तिनं प्यायलं. ते तिच्या पोटात राहिलं नाही. त्याने पाणी टाकून ती जागा धुतली.

शांता माझ्यासारखी नाही. गोड बोलते, माणसाला जेवू घालून मारते. घरात पाऊल टाकताच तिनं वंदनाला मिठी मारली. तिचं अंगण कैऱ्यांनी भरलेलं होतं. मोठ्या परातीत फोडी, मोहरीची डाळ, मीठ, हळद, तेलाचा डबा. सगळ्या गल्लीचं लोणचं हिच्या हाताने होतं आणि ते वर्षभर बिघडत नाही, याचा तिला गर्व आहे. गर्व खोटा नाही.

मी म्हणाले, "शांते, बाटली फ्रीजमंदी ठेवा लागते."

तिचा चेहरा पडला. "बाई, फ्रीजमंदी देवाच्या निवदाचं दूध असते. जित्या माणसाचं मांस त्यात कसं ठेवू? घरात आणू नये वं असं. कापलेले केससुदिक आपण भाईर टाकतो."

तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. माझ्या घरी कोणी असं काही आणलं असतं तर मीही बाहेरच ठेवलं असतं. थर्मास रांजणाशेजारी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला. कमरेची औषधाची बाटलीही तिथंच ठेवली, वास येतो म्हणून.

जेवायला भाकरी, तुरीचं वरण, पातोडीची भाजी होती. शांताने वंदनाला मऊ भात कालवून दिला, एकेक घास. मग तिचे पाय दाबत बसली. वंदनाचे पाय आजवर कोणी दाबले नसतील. मी तर नाहीच.

सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा शांता अंगणात होती. निघताना तिनं थर्मास स्वतः वंदनाच्या हातात दिला आणि म्हणाली, "बेफिकीर जाय बेटा. आता नाही नासत."

आम्हाला वाटलं ती बर्फाचं बोलून राहिली.

वाशिम

वाशिमची ती तपासणीची जागा एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. बाहेर चपला, आत औषधाचा वास, भिंतीला लागून माणसं. कोणाच्या हातात डबी, कोणाच्या हातात बाटली. एक जण तर लोणच्याची बरणी घेऊन बसला होता, तिच्यात त्याच्या बापाच्या पोटातून निघालेला गोळा. आपल्यासारखी माणसं पुष्कळ आहेत हे पाहून बरं वाटलं नाही.

आत एक डॉक्टरीणबाई. चष्मा, केस विस्कटलेले, टेबलावर दुर्बिणीचं यंत्र. आमच्या भागात रोगी पाहणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, तुकडे पाहणारे फार थोडे. त्यांनी पहिली बाटली उघडून झाकली. दुसरी उघडली आणि नाक मागे घेतलं. पुन्हा उघडून वास घेतला.

"हिच्यात फॉर्मालिन कोणी घातलं?"

"कायचं?" मी म्हणाले.

"हे औषध. हे ह्या एका बाटलीत पाहिजे होतं. ह्या दुसरीत फक्त सलाईन पाहिजे होतं. आता दोन्हीत औषध आहे."

वंदना माझ्याकडे पाहायला लागली. मी तिच्याकडे. दोघींना एकच नाव सुचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खात्री करा. वंदनाने तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मावशी, तुमी बाटलीत काही टाकलं का?"

"टाकलं ना!" शांताचा आवाज कसा खणखणीत. "एका फोडीले औषध अन् एकीले नुसतं पाणी, तेही फिक्कं मीठ! एवढ्या उनात नासली असती वं ते. मंग मीनं थोडं पाणी काढलं अन् इकडचं औषध तिकडं टाकलं, दोन्हीले सारखं केलं. बुडाली पायजे ना फोड. टिकली का?"

वंदना म्हणाली, "हो मावशी, टिकली." आणि फोन ठेवला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि मला समजलं ते असं. औषधातला तुकडा टिकतो. त्याचे कागदासारखे पातळ काप करून, रंग देऊन दुर्बिणीखाली पाहिलं की कॅन्सर आहे की टीबी, ते कळतं. पण औषधात जंतू मरतो. टीबी निघाला तर पुढचा प्रश्न हा की कोणत्या गोळीने हा जंतू मरतो आणि कोणत्या गोळीला तो दाद देत नाही. त्याच्यासाठी ताजा तुकडा लागतो. त्यातला जंतू वाढवून पाहतात, मशीनमधे घालून पाहतात. तो सलाईनमधे पाठवला होता. तोच आता गेला.

"मंग आता?" वंदनाने विचारलं.

"पहिल्या बाटलीचा रिपोर्ट येईल. दुसऱ्यासाठी परत नमुना घ्यावा लागेल. खाली दुसरी गाठ आहे, तिच्यात मी सुई घालून काढते. पण आज नाही. टाके ताजे आहेत, सूज आहे. जखम सुकली की या."

मला एक प्रश्न पडला आणि मी विचारला. "बाई, सुई तुमी इथंच घालता?"

"हो."

"मंग आधीच घातली असती तं?"

"तुम्हाला आधी माझ्याकडे कोणी पाठवलं नाही," त्या म्हणाल्या. "बाटल्या पाठवतात. माणूस पाठवला तर पाच मिनिटांचं काम असतं."

बाहेर आल्यावर वंदना पायरीवर बसली. मला वाटलं आता शांताला शिव्या देईल. ती म्हणाली, "आत्याबाई, मावशीले सांगू नका. त्यायनं माहे पाय दाबले."

मधले दिवस

जखम सुकली की या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जखम सुकली नाही. टाके काढले तर तोंड उघडून पाणी वाहायला लागलं. कारंज्याचा डॉक्टर म्हणाला, टीबीच्या गाठीला असं होतं. मग टीबी आहे का, विचारलं तर म्हणाला, रिपोर्ट येऊ द्या. तोपर्यंत त्याच गोळ्या चालू ठेवायच्या. न ठेवाव्यात तरी पंचाईत, ठेवाव्यात तरी ओकारी.

पेरण्या झाल्या. वंदना शेतात जाऊ शकली नाही. मुली तिच्यापाशी निजायच्या, त्या आता माझ्यापाशी निजायला लागल्या. धाकटी विचारायची, "आईच्या मानेतून पाणी कायले येते?" मी तिला सांगायचे, निज. गल्लीतल्या बायका यायच्या, दारातूनच बोलायच्या. एकीने गाठीवर बांधायला पाला आणला. एकीने इंझोरीच्या कोणा बाबाचं नाव सांगितलं. मी दोघींना हाकललं. मला शहाणपण होतं म्हणून नाही. एव्हाना मला कोणाचाच अंदाज नको होता, डॉक्टरचा नाही आणि बाबाचाही नाही.

पुन्हा वाशिम

पाऊस लागून तूर हातभर झाली, जखम ओलीच पण सूज उतरली, तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा गेलो. या वेळी थर्मास नाही, बाटली नाही. नमुना स्वतःच चालत निघाला होता, असं वंदनाच म्हणाली. "या खेपेले माह्यात काही टाकू नका मंजे झालं." रस्त्याने सगळं हिरवं होतं. एका ठिकाणी सोयाबीनमधून काळविटांचा कळप उड्या मारत गेला आणि सबंध बस त्या बाजूला झुकून पाहायला लागली. एक शेतकरी खिडकीतून त्यांना आईबहिणीवरून शिव्या देत होता. बाहेरगावची माणसं असती तर फोटो काढले असते.

पहिल्या बाटलीचा रिपोर्ट तयार होता. कॅन्सर नाही. टीबी.

मी भिंतीला टेकले. वंदना उभीच राहिली. तिनं विचारलं, "मंग गोळ्या तं टीबीच्याच होत्या. गाठ काहून वाढली?"

"तेच आज पाहू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी वंदनाला टेबलावर निजवलं. मला बाहेर जायला सांगितलं नाही. बारीक सुई घातली, थोडं पिवळं पाणी आलं. वंदनाने माझ्या मनगटाला धरलं होतं, नखं रुतली. सगळं मिळून एक चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. हे आम्हाला हिवाळ्यात मिळालं असतं. थोडं पाणी नागपूरला जायचं, तिथं जंतू वाढवतात. तो दह्यासारखा रातोरात लागत नाही, आठवडे घेतो. थोडं इथल्या मशीनमधे घालायचं, त्याचं उत्तर दुपारी.

थांबलो तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मला वंदनाच्या पहिल्या तुकड्याचा काप दुर्बिणीतून दाखवला. मी मागितलं नव्हतं. मला आधी काही दिसेना, नुसती पापणी दिसली. मग दिसलं. गुलाबी आणि जांभळ्या ठिपक्यांचं रान. मधे मधे गोल आळी, जशी आपण झाडाभोवती करतो, आणि आळ्याच्या आत सगळं मेलेलं, फिक्कं. "अंगाने जंतूला असा वेढा घातलाय," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "वेढा घातला तरी जंतू मेला नाही?" त्या म्हणाल्या, "नाही." वंदनालाही मी पाहा म्हणाले, तिनं नको म्हटलं.

दुपारी त्यांनी आत बोलावलं. या जंतूवर मुख्य गोळी चालत नाही. जी गोळी खाऊन लघवी तांबडी व्हायची, तीच. हा वेगळा टीबी, गोळ्यांना न जुमानणारा. त्याच्या गोळ्या वेगळ्या. पायांना मुंग्या येतील, रक्त वरचेवर तपासावं लागेल, एकही दिवस चुकवायचा नाही. पण बरं होतं.

वंदनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंजे मी इतके दिवस फुकटच ओकली?"

डॉक्टरीणबाईंना काही गोड बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "हो."

त्या बाईबद्दल माझ्या मनात तेव्हा मान आला. आजारपण सुरू झाल्यापासून ते पहिलं उत्तर होतं ज्याच्यात 'असू शकतं' नव्हतं.

परतीची वाट

शांताला फोनवर कळवलं होतं. परतताना बस मंगरुळपीरला थांबली तेव्हा ती खिडकीखाली उभी होती, हातात पोळ्यांचं फडकं.

"कॅन्सर नाही ना?"

"नाही मावशी," वंदना म्हणाली.

शांताने तिथंच स्टँडवर देवाला हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य बाई, मीनं औषध टाकलं मनून तुकडा टिकला. नाहीतर कायचा रिपोट अन् कायचं काय!"

"हो मावशी," वंदना म्हणाली.

मी म्हणाले, "नाही शांते. तू औषध टाकलं मनून दुसरी बाटली मेली. तिच्यातून कोणती गोळी चालते थे कळणार होतं. थे आज कळलं. मधातले सारे दिवस ही न चालनारी गोळी खात राह्यली."

 फडकं शांताने खिडकीतून आत दिलं, मी घेतलं, बस हलली. मी मागे वळून पाहिलं नाही.

वंदनाने फडकं माझ्याकडून घेऊन मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "झालं तुमचं?"

"माईत पायजे तिले. उद्या तिच्या घरी दुसऱ्या कोणाची बाटली मुक्कामाले येईन."

"मंग कारंज्याच्या डॉक्टरले काहून नाही सांगतलं, बाटल्या देताना नीट सांगत जाय मनून? त्या पहिल्याले काहून नाही सांगतलं? त्यायच्या पुढं तं तुमी हात जोडून उभ्या राह्यता. तुमचं खरं बोलनं मावशीपुरतं अन् माह्यापुरतं."

तिला ताप होता म्हणून मी वाद घातला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण उत्तर असतं तर ताप पाहून मी थांबले नसते.

कारंज्याला जीप सुटायला वेळ होता. मी वंदनाला स्टँडच्या सावलीत बसवलं आणि दवाखान्यात गेले. रांगेत बसले. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरने विचारलं, काय होतंय आजी? मी म्हणाले, मला काही होत नाही. आणि सगळं सांगितलं. बाटलीचं, शांताचं, सुईचं. माणूस पाठवा, बाटली कशाला पाठवता, हेही सांगितलं. माझा आवाज चढला होता, बाहेरची माणसं आत डोकावत होती.

तो ऐकत होता. मधे मोबाईल वाजला, त्याने तो पालथा ठेवला. शेवटी म्हणाला, "मी गार ठेवायला सांगितलं होतं ना?"

"गार ठेवलीच होती," मी म्हणाले. "काही मिसळू नका, हे सांगतलं नव्हतं."

"ते कोणी मिसळेल असं वाटलं नाही."

"तुमाले नाही वाटलं. तिले वाटलं."

 मग "बरं, लक्षात ठेवतो" म्हणून त्याने बाहेरच्या माणसाला हाक मारली. मोठ्या गावच्या त्या पहिल्या डॉक्टरकडे मी अजून गेलेले नाही. जाणार आहे. त्याच्याकडे आत जाऊ देतील की नाही, सांगता येत नाही.

वंदनाच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. पायांना मुंग्या येतात, खालची गाठ थोडी बसली आहे, मानेतून अजून पाणी येतं. शांताचा फोन आला नाही, मीही केला नाही.

कारंज्याचा डॉक्टर लक्षात ठेवील असं मी धरून चालत नाही, म्हणून इथं लिहिते. तुमच्या घरी अशा दोन बाटल्या आल्या, तर पाण्याच्या बाटलीत काही घालू नका, कितीही ऊन असो. आणि बाटल्या हातात घेण्याआधी देणाऱ्याला विचारा, की आमचं माणूस चालतं फिरतं आहे, तर तुम्ही त्यालाच का पाठवत नाही.